कानाला टिकेल असं नाव

सव्वीस एप्रिल, शनिवार. पाणी भरायचं होतं.

आमच्या पुंडलिकनगरात नळाला रोज पाणी येत नाही. येतं त्या दिवशी घरातली बाकीची कामं त्याच्या मागं रांगेत उभी राहतात. आधी हौद, मग गच्चीवरची टाकी, मग मोरीतलं पिंप, मग प्यायचे हंडे. माझा डब्यांचा व्यवसाय आहे, चिकलठाण्याच्या कारखान्यांत दुपारचे जेवणाचे डबे जातात. त्यामुळे पाण्याच्या सकाळी मी कामाशिवाय कुणाशी बोलत नाही, आणि घरातल्यांना ते माहीत आहे.

तरी त्या दिवशी वरच्या खोलीतली भाडेकरू मुलगी कठड्याला धरून जिना उतरली, शेवटच्या पायरीवर थांबली आणि म्हणाली, "काकू, संध्याकाळपर्यंत एक नाव पाहिजे."

मला वाटलं, कुणाकडं तरी बाळ झालं. मी पाइप हौदात खुपसत विचारलं, "मुलगा की मुलगी?"

"भाषा," ती म्हणाली.

ही मुलगी जन्मापासून आंधळी आहे. सिल्लोडकडच्या एका खेड्यातली. वडिलांचं तिथं सायकल दुरुस्तीचं दुकान. लहानपणी इथल्या अंधशाळेच्या वसतिगृहात आली, पुढं इथंच कॉलेज केलं. आता घरी बसून एका कंपनीचं संगणकाचं काम करते आणि आठवड्यातून दोनदा आपल्या जुन्या शाळेत मुलांना संगणक शिकवते. ती खोली शोधत होती तेव्हा घरमालक तिला दोन कारणांनी नाही म्हणायचे. एक बोलून दाखवायचे, जिन्यावरून पडशील वगैरे. दुसरं तिचं मुसलमान आडनाव ऐकल्यावर नुसतेच गप्प व्हायचे, आणि गप्प होणं तिला आपल्यापेक्षा चांगलं ऐकू येतं. आम्ही बौद्ध. माझ्या आईवडिलांना या शहरात पहिली खोली कशी मिळाली होती ते मी ऐकून आहे. मी भाडं सांगितलं, तिनं घासाघीस करून ते कमी करून घेतलं, विषय संपला.

भाषेचं प्रकरण मला हिवाळ्यात कळलं होतं. संगणकाला काम सांगायला वेगळ्या भाषा लागतात एवढं मला माहीत होतं, माझ्या मुलानं त्यासाठी क्लास लावला होता. पण त्या कुणी तरी बसून तयार केलेल्या असतात, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. भाषा आपोआप असते, दौलताबादच्या डोंगरासारखी, असं मी धरून चालले होते. आणि ही पोरगी माझ्या गच्चीवर, माझ्या वाळत घातलेल्या चादरींच्या आड बसून दोन वर्षं एक भाषा करत होती.

का, तर शाळेतल्या मुलांसाठी. तिचा लॅपटॉप बोलतो. पडदा बंदच असतो; तिला त्याचा उपयोग नाही आणि बॅटरी वाचते. ती कळा दाबते आणि आतला आवाज जे लिहिलं आहे ते वाचून दाखवतो. नेहमीच्या भाषांमध्ये कंसच फार. आपण शाळेत गणितात शिकलो ते महिरपी कंस, ते उघडायचे, त्यात आणखी उघडायचे, मग एकेक बंद करायचे. बघणाऱ्याला ते एका नजरेत दिसतात. ऐकणाऱ्याला मात्र "उघडा महिरपी कंस, बंद महिरपी कंस, बंद महिरपी कंस" असं सगळं ऐकावं लागतं आणि आपण आत कितव्या खोलीत आहोत ते डोक्यात धरावं लागतं. मुलं दमून जात होती. म्हणून तिनं अशी भाषा केली की तिच्यात कंस नाहीत. मराठी शब्द आहेत, आणि प्रत्येक ओळ आधी आपण कुठं आहोत ते सांगते, मग काय करायचं ते सांगते.

हे तिनं समजावलं तेव्हा मी मान डोलावली. मान डोलावलेली तिला दिसत नाही हे मी अजून विसरते. मग ती म्हणाली, तुमचं कुठलंही किचकट काम सांगा.

मी माझ्या डब्यांचं सांगितलं. कुणाचा गुरुवार असतो, कुणाचा शनिवार. कुणाला कांदा-लसूण चालत नाही. रमजानमध्ये काही डबे महिनाभर बंद. हे सगळं मी रोज सकाळी पोळ्या लाटता लाटता डोक्यात करते. तिनं थोडा वेळ खटखट केलं, आणि मग मला कळावं म्हणून आवाजाचा वेग अगदी कमी करून लिहिलेलं ऐकवलं. सगळे डबे घे. एकेका डब्यासाठी. आज त्याचा उपवास असेल तर साबुदाणा. नसेल तर पोळी-भाजी. हा डबा झाला. सगळे झाले.

मी म्हटलं, हे तर मीच बोलले ते आहे.

ती म्हणाली, "हां. आता बघा." आणि एक कळ दाबली. आवाजानं माझ्या गिऱ्हाइकांची नावं एकेक करून घेतली आणि प्रत्येकाच्या डब्यात काय जायचं ते बरोबर सांगितलं. शनिवार बदलून गुरुवार केला तर उत्तरंही बदलली.

मी सहसा कशानं भारावत नाही. पाहुण्यांना घेऊन वेरूळला इतक्यांदा गेले आहे की कैलास लेण्यात शिरले की आधी बसायला सावली बघते. पण त्या दिवशी गच्चीवर हातातली ओली चादर तशीच धरून मी उभी राहिले. मी जे बोलले होते तेच लिहिलेलं होतं, आणि नुसतं बोलणं असूनही ते काम करत होतं. डोंगर पोखरून लेणं करणाऱ्याला निदान डोंगर तरी मिळालेला असतो. हिच्यासमोर तेही नव्हतं. "जर" म्हणायचं की "असेल तर" म्हणायचं, यावर तिनं कित्येक आठवडे घालवले होते, हे ती अगदी साधेपणानं सांगत होती. मी भाजीत मीठ किती हे ज्या सुरात सांगते त्या सुरात.

तर अशी ती भाषा. ती दोन वर्षं बिननावाची होती. ही मुलगी तिला नुसतं "ती" म्हणायची. "आज ती चालंना" किंवा "आज ती लई शहाण्यासारखी वागली." मला आधी वाटायचं शाळेतल्या कुण्या विद्यार्थिनीबद्दल बोलते.

एक मे रोजी शाळेत कार्यक्रम होता. एका कंपनीनं शाळेला संगणक दिले होते, त्यांची माणसं येणार होती, आणि त्याच वेळी ही भाषा सगळ्यांसाठी खुली व्हायची होती. संस्थेचे सर, म्हणजे ज्यांनी ती शाळा उभी केली ते, यांनी बॅनरसाठी नाव ठरवून टाकलं होतं. दिव्यकिरण. शनिवारी सकाळी त्यांचा फोन आला की संध्याकाळी प्रेसला पक्कं कळवायचं आहे. तुझ्या मनात दुसरं काही असलं तर तोवर सांग, नाहीतर हेच.

मी म्हटलं, "वाईट नाही की. गोड आहे."

"काकू, आमच्या शाळेच्या बसचं नाव किरण आहे. लायब्ररीचं नाव प्रकाश. वसतिगृहाला ज्योती. पाण्याच्या टाकीवरसुद्धा एक पणती काढलीय म्हणतात." ती जिन्याच्या पायरीवर बसली. "उजेडाशी माझं भांडण नाही. पण माझ्या भाषेत तो कुठंच नाही. आणि हे नाव लागलं ना, की ती देणगीच्या कपाटात गेली. मग दिसणारं कुणी तिला हात लावत नाही. आंधळ्यांसाठी काहीतरी आहे म्हणतात, छान म्हणतात, आणि जातात."

तिला काय हवं होतं ते मला तेव्हा कळलं. डोळस पोरांनीही ती भाषा वापरावी असं तिला वाटत होतं. दया म्हणून नव्हे, तर ती सोपी आहे म्हणून. ते होणार की नाही याची सुरुवात नावापासून होणार होती. आणि तिच्यापुढं सरांना नाही म्हणायचाही प्रश्न होता. त्याच सरांनी तिला ब्रेल शिकवली होती. तिच्या बारावीची पुस्तकं त्यांनी स्वतः वाचून टेप केली होती.

मी म्हटलं, टाकी भरेपर्यंत थांब, मग बघू.

तिची नाव तपासायची पद्धत मी तोवर पाहिली नव्हती. डबे रवाना झाल्यावर ती लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आली. मी हंडे विसळत होते. पद्धत अशी की एक मोठा मजकूर घ्यायचा, त्यात ते नाव ठिकठिकाणी घालायचं, आणि तिच्या नेहमीच्या वेगानं ऐकायचं. तो वेग म्हणजे काय ते ऐकल्याशिवाय कळणार नाही. माणूस बोलतोय असं वाटतच नाही. रातकिडा वाटतो, किंवा तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसं. ती त्यातला शब्दन् शब्द ऐकते, आणि ऐकता ऐकता माझ्याशीही बोलते. नाव त्या वेगात टिकलं तर ठीक, विरघळलं तर बाद. कारण ज्यांच्यासाठी भाषा केली ती मुलं नाव वाचणार नव्हती, दिवसभर असंच ऐकणार होती.

दिव्यकिरण त्यात शेजारच्या शब्दांना चिकटून गेलं. माझ्या नवऱ्यानं कारखान्यातून फोनवर संगणकवाणी सुचवलं, त्याचं तर पीठ झालं. वाणी, श्रुती, नाद ही टिकत होती, पण तिनं शोधून बघितलं तर त्या नावांची श्रवणयंत्रांची दुकानं, गाण्याचे क्लास, साड्यांची दुकानं निघाली. तिच्या मनातलं होतं आवाज. तिच्या घरचा शब्द, माझ्याही घरचा. पण आवाज म्हणून शोधायला गेलं की अर्धं जग समोर येतं, त्यात हिची भाषा कुणाला सापडायची.

"सोपी ठेव," मी म्हटलं. "सोपी आहे तर सोपी म्हणायचं."

"नक्को काकू. मग अडली की पोरं मलाच म्हणतील, मॅडम, सोपी अवघड आहे."

आम्ही दोघी हसलो, पण तिचं हसणं लवकर संपलं. दुपार उतरत होती. ती म्हणाली, राहू द्या, किरण तर किरण. सरांना वाईट वाटायला नको. मला तिचा हा सूर आवडला नाही. मी काही समजूत घातली नाही, मला ती येत नाही. मी पिंपावर झाकण ठेवलं आणि मला बरेच दिवस विचारायचं होतं ते विचारलं. म्हटलं, वसतिगृहात तुम्ही सगळेच न दिसणारे, व्हरांड्यात एकमेकांवर आपटत नव्हतात का?

ती म्हणाली, आपटायचो की, पहिल्या आठवड्यात. मग मोठ्या पोरी शिकवायच्या. चालताना बोटाच्या पेरानं भिंतीवर एकदा ठोकायचं. वळणाच्या आधी, दाराच्या आधी. समोरून येणाऱ्याला कळतं की कुणी आहे, आणि कुठं आहे. जिचं तिचं ठोकणं वेगळं, त्यावरून कोण आहे तेही कळायचं. याला त्या म्हणायच्या खुट्ट देणं. जी द्यायची नाही आणि धडकायची, तिला सगळ्या ओरडायच्या, "खुट्ट दे की गं, आंधळी आहेस का?"

ती हे सांगताना स्वतःशी हसत होती. मी मात्र हंडा खाली ठेवला.

"तुझी भाषा तेच करते ना?" मी विचारलं. "ओळ आधी सांगते मी कुठं आहे, मग बाकीचं."

"हां. तिथूनच सुचलं असेल. मी विचार नाही केला."

"मग तेच नाव."

"काय, खुट्ट?" ती म्हणाली. "काकू, ते काय नाव आहे? ते तर आमचं आपलं वसतिगृहातलं."

मी म्हटलं, टाकून तर बघ.

तिनं ते मजकुरात घातलं आणि कळ दाबली. तोच रातकिडा पुन्हा सुरू झाला. दोन वर्षं मी तो आवाज जिन्यातून ऐकत होते आणि त्यातला एक शब्द कधी मला पकडता आला नव्हता. आणि त्या किरकिरीत, स्पष्ट, दारावर कुणी पेरानं ठोकावं तसं ऐकू आलं. खुट्ट. मग पुन्हा किरकिर. मग पुन्हा, खुट्ट. वाहत्या पाण्यातला दगड दिसावा तसं. मला ऐकू आलं. माझ्या या साध्या कानांना, ज्यांना कुकरच्या शिट्ट्या मोजण्यापलीकडं कसली सवय नाही.

मी तिला म्हटलं, "मला ऐकू आलं."

ती म्हणाली, "खरं?" तिनं मजकूर पुन्हा लावला, आणखी वेग वाढवून. आता तर तो आवाज राहिलाच नव्हता, नुसती एक रेघ होती. त्या रेघेतही ते उठून येत होतं. आम्ही दोघी ओल्या फरशीवर उभ्या होतो आणि तो शब्द येत होता. मला हातावर काटा आलेला दिसला. मी साडीच्या पदरानं हात पुसले, जणू पाणीच लागलं होतं. एक शब्द, जो काही पोरींच्या व्हरांड्यात राहत होता आणि कुठंच नव्हता, तो माझ्या डोळ्यांदेखत एका आख्ख्या भाषेचं नाव होत होता. शहराची नावं बदललेली मी पाहिली आहेत. त्यासाठी कार्यालयं लागतात, पाट्या लागतात, आणि तरी लोकांच्या तोंडात जे असतं ते असतं. इथं काहीच लागलं नव्हतं. ज्यांच्या तोंडात तो होता त्यांनीच तो दिला होता.

मग तिनं शोधून बघितलं. त्या नावाचं काही नव्हतं. दुकान नाही, क्लास नाही.

नवरा संध्याकाळी घरी आला तेव्हा आम्ही त्याला सांगितलं. तो चिकलठाण्याला क्वालिटीत आहे, प्रत्येक वस्तूत खोट आधी बघतो. म्हणाला, इंग्रजीत लिहाल तेव्हा लोक कुत्ता वाचतील.

"वाचू द्या की काका," ती म्हणाली. "ती वाचणाऱ्यांची अडचण झाली."

सरांना फोन तिनं माझ्यासमोर केला, स्पीकर लावून. आधी बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. सरांच्या गुडघ्यांचं, पाहुण्यांच्या जेवणाचं. मग तिनं नाव सांगितलं. सर दोनदा म्हणाले, काय? मग समजुतीच्या सुरात सांगू लागले की पाहुण्यांना ते कळणार नाही, नावातून उद्देश दिसायला पाहिजे, किरण म्हटलं की माणसाच्या मनात एक चित्र उभं राहतं. ते वाईट बोलत नव्हते. तिचं बोट टेबलाच्या कडेवरून पुढं-मागं फिरत होतं, आणि मला वाटलं, ही आता हो म्हणणार.

ती म्हणाली, "सर, वसतिगृहात तुम्ही व्हरांड्यात आलात की आम्ही सगळ्या एकदम गप्प व्हायचो. तुम्हाला वाटायचं, शिस्त आहे."

"होती की शिस्त," सर म्हणाले.

"नव्हती सर. तुम्ही खुट्ट देत नव्हता. एकटे तुम्हीच. तुम्ही कुठं आहात ते आम्हाला कळायचं नाही."

माझ्या नवऱ्यानं चहाचा कप उचलला होता तो तसाच धरला. मला वाटलं फोन कट झाला.

"इतकी वर्षं," सर म्हणाले. "मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही सर होता."

मग ते हसले. मोठ्यानं नाही, घशातल्या घशात. म्हणाले, तू सांग बरं ते परत, कसं म्हणायचं. तिनं सांगितलं. त्यांनी ते म्हणून पाहिलं, एकदा चुकले, दुसऱ्यांदा बरोबर म्हणाले. मग आवाज नेहमीचा करून म्हणाले की पाहुण्यांना काय सांगायचं ते मी बघतो, तू भाषणात व्हरांड्याचं सांग. आणि बॅनर शहागंजच्या प्रेसमध्ये आहे, मी त्याला फोन करतो, पण सकाळी कुणीतरी जाऊन बघून या, तो अक्षरं फार चुकवतो.

फोन ठेवल्यावर ती उठली. वर गेली. जिन्यात तिनं भिंतीवर एकदा ठोकलं, आणि मग वरच्या दाराशी आणखी एकदा. मला ते तोवर कधी ऐकू आलं नव्हतं, म्हणजे ऐकू येत असणार, पण मी ते घरातल्या आवाजांत धरत नव्हते.

दुसऱ्या दिवशी रविवार. तिला सगळ्या मजकुरात जिथं जिथं रिकामी जागा सोडली होती तिथं नाव घालायचं होतं, म्हणून मी एकटीच स्कूटी काढून शहागंजला गेले. प्रेसवाल्याला सरांचा फोन आला होता. त्यानं नाव बदललेलं होतं, अक्षरंही बरोबर होती, दोन्ही ट जागच्या जागी. पण मागं जुनंच चित्र होतं. एक मोठा डोळा, त्यातून सूर्य उगवतोय, आणि किरणं बॅनरच्या चारी कोपऱ्यांत गेलेली.

मी त्याला म्हटलं, हा सूर्य काढा. डोळाही काढा.

त्यानं मान वर केली. "आपा, सूरज निकालूं तो पीछे सब खाली दिखता."

"दिसू द्या," मी म्हटलं, आणि स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसले. "अक्षरं मोठी करा."